कांद्याचे डिप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागच्या बैठकीत असे ठरले की यंदा वर्धापनदिनाला बाहेरून वक्त्या बोलवायच्या नाहीत. मंडळातल्याच एकीने, स्वतःला जे करता येते त्यावर चार शब्द बोलायचे. माझे नाव निघाले. मी सातवी शिकलेली. संसारात चोवीस वर्षे गेली. उभे राहून बोलायची सवय नाही, म्हणून घरी वहीत लिहून आणले आहे आणि तेच वाचते आहे. विषय मात्र मी होऊन निवडला. आपला वर्धापनदिन आषाढात येतो, कांदेनवमी तोंडावर असते, आणि निफाड तालुक्यातल्या बाईने कांद्यावर बोलायचे नाही तर कशावर?

विषयाचे नाव ऐकून मागे कुणी तरी हसले ते मला कळले. हसा. पहिल्यांदा हे नाव ऐकले तेव्हा आमच्या मोठ्या जाऊबाईंनी विचारले होते, "डिप म्हणजे विहिरीत सोडतात ते का गं?" डिप म्हणजे बुडवून खायचा दाट पदार्थ. वाटीत घ्यायचे, पापडाचा नाही तर काकडीचा तुकडा बुडवायचा आणि तोंडात टाकायचा. हल्ली वाढदिवस, साखरपुडा, सेवानिवृत्तीचा कार्यक्रम असे काही असले की टेबलावर असा एखादा प्रकार असतोच. बहुधा बाटलीतला असतो.

हा प्रकार आला कुठून, तर अमेरिकेतून. माझ्या नणंदेची मुलगी तिकडे न्यू जर्सीत असते. तिने सांगितलेली हकिगत मला फार आवडली. १९५४ साली लॉस एंजेलिस शहरात कुणी तरी कांद्याच्या सुपाचे कोरडे पाकीट फोडले, ते आंबट साईत कालवले आणि पाहुण्यांपुढे ठेवले. ज्याने किंवा जिने हे केले, तिचे नाव कुणालाच ठाऊक नाही. माझ्या मनाला विचाराल तर ती बाईच असणार. दारात पाहुणे आणि घरात करायला काही नाही, अशा वेळी असले बाईलाच सुचते. पुढे ते शहरभर झाले. सुपाचे पाकीट लिप्टन कंपनीचे होते, तीच आपली चहावाली. १९५८ पासून कंपनीने ही कृती पाकिटावरच छापायला सुरुवात केली. कंपनीचा खप वाढला आणि त्या बाईचे नाव हरवले. तिकडे याला फ्रेंच कांद्याचे डिप म्हणतात, पण फ्रान्सशी याचा संबंध एवढाच की तिथले कांद्याचे सूप प्रसिद्ध आहे.

आता आपल्याकडची गोष्ट. भाची २०२३ च्या डिसेंबरात मुलाबाळांना घेऊन आली होती. ते दिवस तुम्हांला सगळ्यांना आठवत असतील. ८ डिसेंबरला कांद्याची निर्यात बंद झाली, ती पुढे २०२४ च्या मे महिन्यात उघडली. डिसेंबरात आपल्याकडे लाल कांदा निघतो. उन्हाळ कांदा चाळीत पाच-सहा महिने राहतो, पण लाल कांद्याला ती सोय नाही. तो काढला की विकायचा. आमच्या खळ्यात ढीग पडलेला आणि घरातले पुरुष एकमेकांशी बोलत नाहीत, अशी अवस्था. आपल्याला हे काही नवे नाही. २०१८ च्या हिवाळ्यात आपल्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १०६४ रुपये आले होते आणि त्यांनी ते मनिऑर्डर करून दिल्लीला पाठवून दिले होते. पण वर्तमानपत्रात वाचणे वेगळे आणि आपल्या खळ्यात पाहणे वेगळे. त्यातच आमची मुलगी नाशिकला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. तिच्या मेसचे पैसे दर महिन्याला द्यायचे होते. कांद्याला भाव नाही म्हणून मेसवाला थांबत नाही.

अशात भाचीच्या मुलाचा वाढदिवस आला. तिने पेटीतून सुपाची पाकिटे काढली आणि मला म्हणाली, "मामी, इथे आंबट साय कुठे मिळेल?" मी म्हटले, "अगं, ती तर फडताळात आहे." आपण रोजची साय साठवतो, तिला विरजण लावतो आणि घुसळून लोणी काढतो. घुसळायच्या आधीची ती विरजलेली साय म्हणजेच त्यांची आंबट साय! जे तिकडे डब्यात विकत मिळते, ते आपल्या घराघरात असते आणि आपण त्याकडे लोणी व्हायच्या आधीची पायरी म्हणून पाहतो. मग मी पाकीट हातात घेऊन वास घेतला. आत वाळवलेला कांदा, मीठ आणि मसाला. जळगावकडे आणि गुजरातेत महुव्याला पांढरा कांदा वाळवायचे कारखाने आहेत, तसलाच तो कांदा. मी भाचीला म्हटले, "दाराशी कांद्याचा डोंगर आणि तू समुद्रापलीकडून चिमूटभर कांदा घेऊन आलीस!" ती हसली, पण मी ते पाकीट फोडू दिले नाही. ताज्या कांद्याचेच केले. मुलांनी वाटी पुसून खाल्ली.

आता कृती सांगते. घाई करायची असेल त्यांनी हे करू नये. यात कौशल्य फारसे नाही, धीर आहे.

वीस माणसांना एक किलो कांदा, दोन लिटर म्हशीच्या दुधाचे दही आणि पाव किलोच्या वर थोडी विरजलेली साय लागते. कांदा उन्हाळ घ्यावा. लाल कांद्याला पाणी फार सुटते, तो शिजेपर्यंत गॅस जळत राहतो. गोल्टी असली तर उत्तमच. बाजारात तिला कुणी विचारत नाही आणि चवीला ती काडीभरही कमी नसते. सोलायला मात्र जीव जातो. त्यासाठी गोल्टी दहा मिनिटे कोमट पाण्यात टाकावी म्हणजे साल सुटते. विळीला धार असू द्या. बोथट विळीने कांदा चिरत नाही, चेंगरतो, आणि जितका चेंगरेल तितके डोळ्यांना पाणी जास्त. चिरायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला तरी त्रास कमी होतो. उभा पातळ चिरून मग त्यालाच दोनदा आडवा छेद द्यावा. नुसता उभा ठेवला तर खाताना ओठाला दोर लोंबतात आणि पाहुण्यांची पंचाईत होते.

जाड बुडाचे पातेले घ्यावे. तीन चमचे तेल. इथे तूप वापरू नका. मला माहीत आहे, सांगितले तरी तुमच्यातल्या दोघीतिघी तूप घालणारच. पण डिप गार करून वाढायचे असते, तूप थिजते आणि जिभेला कणी लागते. तेलावर कांदा टाकून चिमूटभर मीठ घालायचे, म्हणजे त्याचे पाणी सुटते. दहा मिनिटे झाकण, मग झाकण काढून मंद आचेवर परतत राहायचे. कांदा आधी काचेसारखा होतो, मग मधाच्या रंगाचा, मग गुळाच्या. गुळाच्या रंगाला थांबायचे. त्यापुढे तपकिरीचा रंग आला की कडू झाला समजा. या सगळ्याला पाऊण तास लागतो. गॅस मोठा करून पंधरा मिनिटांत रंग येतो, नाही असे नाही, पण तो वरून जळलेला आणि आतून कच्चा असतो. बुडाला लागू लागला की चमचाभर पाणी शिंपडायचे आणि उलथन्याने खरवडून तो चिकटा कांद्यातच मिसळायचा. खरी चव त्या चिकट्यात असते. साखर घालू नका. कांद्याच्या अंगी स्वतःची साखर असते, ती बाहेर यायला वेळ द्यायचा एवढेच. शेवटी शेवटी लसणाच्या दोन पाकळ्या बारीक करून टाकाव्या. एक किलो कांद्याचा उरतो पाव किलो. पहिल्यांदा करणारीला वाटते कुणी तरी चोरून नेला.

चक्का तुम्हांला सगळ्यांनाच येतो, श्रीखंड कोण करत नाही? दोन लिटर दुधाचा आठशे ग्रॅमच्या आसपास निघतो. रात्रभर टांगावा. पण उन्हाळ्यात खुंटीला टांगू नका, आंबट ढाण होतो. चाळणीत फडके घालून, खाली पातेले ठेवून फ्रीजमध्येच निथळू द्यावा. निघालेले पाणी कढीला किंवा भाकरीच्या पिठाला वापरावे. चक्का पुरणयंत्रातून काढला की गुठळी राहत नाही. त्यात विरजलेली साय हलक्या हाताने मिसळायची. जोरात फेटलीत तर लोणी येऊन बसेल आणि सगळेच फसेल. नुसती साय घेतली तर खाणाऱ्याला जड होते, नुसता चक्का घेतला तर घशाशी कोरडा लागतो. दोन्ही मिळून बरोबर होते.

कांदा पूर्ण निवल्यावर यात घालायचा. गरम घातला की चक्का पातळ होतो आणि मग काही केल्या दाट होत नाही. मीठ आणि मिरपूड अगदी शेवटी. मग झाकून तीन-चार तास गार ठेवायचे. केल्या केल्या चाखले तर कांदा वेगळा आणि दही वेगळे लागते. तीन तासांनी दोघांचे जमते. कोथिंबीर, हिरवी मिरची, मोहरीची फोडणी यांतले काही घालायचे नाही. सासूबाई म्हणतात, "एवढं सोडलं तर ही कोशिंबीरच की." त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण कोशिंबिरीत कांदा कच्चा असतो आणि ती ताटात डावीकडे वाढतात. हे तुकड्यावर उभे राहिले पाहिजे, ओघळता कामा नये.

बुडवायला वेफर्स हवेतच असे नाही. नागलीचे भाजलेले पापड, खानदेशी बिबडे, बाजरीच्या शिळ्या भाकरीचे तव्यावर कडक केलेले तुकडे, काकडी, गाजर, काहीही चालते. माझ्या मते भाकरीचे तुकडे सगळ्यांत चांगले. पाहुण्यांत जैन मंडळी किंवा माळकरी असतील तर त्यांच्यासाठी कांद्याऐवजी किसून पिळलेली काकडी घालून वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने करावे. आणि हे विचारायचे ते आधी, पंगत बसल्यावर नव्हे.

आता जे मला खरे सांगायचे आहे त्याकडे येते.

वाढदिवसाला शेजारचे लोक आले होते. त्यांतल्या एकांनी जानेवारीत घरच्या कार्यक्रमाला साठ माणसांचे डिप करून द्याल का म्हणून विचारले, पैसे देऊन. मी मोठ्या जाऊबाईंना विचारले, त्या तयार झाल्या. आमच्याकडे मात्र हे म्हणाले, "मी क्विंटलानं कांदा पिकवायचा आणि तू तो चमच्यानं विकायचास? लोक काय म्हणतील?" मी एवढेच म्हटले, "क्विंटलाचे काय आले ते लोकांना माहीत आहे. चमच्याचे काय येते ते एकदा बघू या." बोलणे तिथेच थांबले. दोन दिवस घरात जेवणापुरतेच शब्द होते.

मी वही घातली. साठ माणसांना सहा लिटर दूध, त्या वेळी सत्तर रुपयांनी ४२०. साय घरची, पण ती लोण्याला गेली असती, म्हणून तिचे ३०० धरले. तीन किलो कांदा दहा रुपयांनी ३०. तेल, गॅस आणि बाकीचे मिळून १००. झाले ८५०. चार किलो डिप चारशे रुपये किलोने दिले, आले १६००. राहिले साडेसातशे, ते दोघींत वाटून घेतले. तिघी-चौघींनी मला विचारले की घरचा कांदा आणि घरची साय धरायची कशाला? मैत्रिणींनो, धरायचीच. घरचे म्हणून जे फुकट मोजले जाते, त्यात सगळ्यांत आधी आपले हात येतात. कांद्याचे तीस रुपये मी यांच्या हातात मोजून दिले. त्यांनी ते घेतले नाहीत, तर मी ते त्यांच्या हिशेबाच्या डायरीत ठेवले. पुढच्या खेपेला डायरी उघडली तेव्हा त्यांच्या अक्षरात ओळ होती: "गोल्टी, घर, ५ किलो." पुढे रक्कम. त्यावर आम्ही दोघेही एक अक्षर बोललो नाही, अजून बोललेलो नाही. पण ती ओळ तेव्हापासून दर खेपेला येते.

२०२४ च्या लग्नसराईपर्यंत धरून आम्हां दोघींची चौदा कामे झाली. माझ्या वाट्याला पाच हजारांच्या आतबाहेर आले. मुलीच्या मेसचे दोन महिने त्यातून निघाले, बाकीचे महिने पूर्वीसारखेच ओढाताणीचे. यातून कांद्याच्या भावाचे काही सुटते असे मी म्हणत नाही. साठ माणसांच्या डिपात तीन किलो कांदा जातो, आणि आपल्या लासलगावच्या बाजारात रोज किती ट्रॅक्टर उभे असतात ते तुम्ही पाहताच. कुणी याला धंदा म्हणून जमीन गहाण ठेवू नये म्हणून मुद्दाम सांगते. श्रावणापासून कार्तिकापर्यंत काम जवळजवळ बंदच असते, कारण पुष्कळ घरांत कांदा वर्ज्य. थंडीत आणि लग्नसराईत चालते.

आणखी एक सांगायचे राहिले. दुधाचा पदार्थ आहे, दुसऱ्याच्या घरी जातो, लहान मुले खातात. फ्रीजबाहेर दोन तासांवर ठेवायचा नाही, एप्रिल-मेच्या उन्हात तर तासभरच पुरे. आम्ही मोठ्या भांड्यात बर्फ घालून त्यात डिपाचे भांडे ठेवतो, आणि सगळे एकदम टेबलावर न मांडता थोडे थोडे काढतो. उरलेले परत आणून पुन्हा विकायचे नाही, घरीही खायचे नाही, टाकायचे. या बाबतीत जाऊबाई माझ्याहून कडक आहेत. एका घरी कार्यक्रम तीन तास उशिरा सुरू झाला आणि वीज गेलेली होती, तेव्हा त्यांनी भरलेले भांडे सरळ ओतून दिले आणि पैसे घेतले नाहीत. यजमानीणबाई नाराज झाल्या, पण पुढच्या महिन्यात त्यांनीच बोलावले. विकायचे असेल तर अन्नपदार्थांची सरकारी नोंदणी लागते. लहान कामासाठी ती ऑनलाइन होते, आमची मुलीने करून दिली. ज्यांना हवी असेल त्यांनी मला घरी येऊन विचारावे, कागद दाखवीन.

बाहेरच्या खोलीत दोन भांडी ठेवली आहेत. स्टीलचे आहे ते कांद्याचे, झाकणावर दोरा बांधलेले आहे ते बिनकांद्याचे. भाकरीचे तुकडे ताई वाटतील. सव्वाचारला फ्रीजमधून काढले आहे, तेव्हा सहाच्या आत संपवायचे. ज्यांच्याकडे एकादशीपासून कांदा बंद होणार आहे त्यांनी आधी घ्यावे.